मदत हवी आहे: झाडीपट्टीच्या नाटकासाठी गिटारला कोणत्या तारा लावू?

राम राम मंडळी,

मी ब्रह्मपुरीकडचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. दिवाळीनंतर मंडईचे (गावोगावच्या जत्रांचे) दिवस सुरू झाले की वडसा भागातल्या एका नाटक मंडळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. सोबत ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड. गिटार साडेपंचवीस इंच स्केलची (म्हणजे तारेची वाजती लांबी तेवढी), तीन सिंगल कॉइल पिकअप, ट्रेमोलो ब्रिज (तारा जिथे अडकतात तो स्प्रिंगांवर हलणारा भाग). अ‍ॅम्प नाही, छोट्या प्रोसेसरमधून थेट मिक्सरला जाते.

आधी ९–४२ चा निकेल प्लेटेड सेट होता (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). गायिकेच्या मागे मींड घ्यायला फार सोयीचा, पूर्ण सुराची ओढ एका बोटात यायची. पण पातळ तारेवर जोरात पिक मारला की सूर क्षणभर चढायचा, आणि भोंग्यातून आवाज किनरा यायचा. आमचे ऑर्गनवाले काका म्हणाले, "तुयी तार कानाले टोचते गा." त्यांचा कान पक्का आहे, म्हणून मी ते मनावर घेतलं.

गेल्या हंगामात १०–४६ लावला. ब्रिज पुढे उचलला गेला; मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळून तो पुन्हा बसवला, इंटोनेशनही (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) नव्याने लावलं. आवाज खरंच भरला, पिकाखाली तार ठाम वाटते. मात्र पहिल्या तारेचा ताण साधारण ६ किलोवरून ७.३ किलोवर जातो, आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत रात्री दोननंतर तिसऱ्या फ्रेटवर मींड घ्यायची म्हणजे बोटांची सालं निघतात. दुःखाच्या पदात सूर पाव पट्टी खाली राहिला तर सगळा प्रसंग पडतो, ते मला सहन होत नाही.

त्यात दव. बांधीत (धानाच्या शेतात) शामियाना असतो, पहाटे गिटार ओलसर लागते. प्रयोग संपला की कोरड्या फडक्याने पुसतो, तरी तिसऱ्या-चौथ्या रात्री पातळ तारा खरखरीत होतात.

आता अडलंय ते इथे. प्युअर निकेलने आवाज मऊ होतो असं सगळे सांगतात. पण निकेल असतं ते जाड तारांवरच्या वेटोळ्यात; वरच्या सुरांच्या तीन पातळ तारा तर साध्या पोलादाच्याच. माझी सगळी सुरावट त्याच तिघींवर. मग टोचणं कमी होईल का, की तो दोष थेट मिक्सरला जोडण्याचा आहे? प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (अ‍ॅम्पच्या स्पीकरसारखा आवाज देणारी सोय) मी आजवर बंदच ठेवलं होतं.

९–४६ चा सेटही पाहिला, पण त्यात वरच्या तारा पुन्हा त्याच पातळ. साडेनऊ–४४ मला मधला मार्ग वाटतो. तो साडेपंचवीस इंच स्केलवर कुणी वाजवलाय का? मींड घेताना हाताला ९ च्या जवळचा वाटतो की १० च्या?

आणि कोटेड (मुलामा दिलेल्या) तारा: एलिक्सर कंपनीच्या सेटमध्ये साध्या तारांनाही गंजरोधक मुलामा असतो. दवात त्या किती रात्री टिकल्या? घामेजल्या बोटाखाली निसटतात का? स्टेनलेस स्टील नको, ते आणखी चरचरीत वाजतं आणि फ्रेट लवकर झिजवतं.

ज्यांनी उघड्या मैदानात, थंडीत, रात्र-रात्र वाजवलंय त्यांचा अनुभव हवा आहे. धान कापणीच्या आत सेट बदलून हात बसवायचा आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला सीताबर्डीला जातोय, तेव्हा दोन सेट घेऊन येईन.