मुलगी डायपर सोडायला तयार आहे हे ओळखायचं कसं? (सांगली, वय २ वर्षं २ महिने)

विश्रामबागची आई:
नमस्कार. जूनमध्ये लेकीला घराजवळच्या प्लेग्रुपमध्ये घालायचंय. डायपर लावणारं मूल घेत नाही असं तिथं सांगितलंय, आणि आता मार्च संपत आला. सासूबाई म्हणतात, "आमची पोरं वर्षाच्या आत सांगायला लागली होती, तू उशीर केलास." मागच्या महिन्यात आठ दिवस दर अर्ध्या तासाला भांड्यावर बसवलं. ती अंग ताठ करून रडायची, शेवटी सोडून दिलं.

सध्या असं आहे: दुपारी दीड तास झोपून उठली की डायपर बऱ्याचदा कोरडा असतो. शी आली की दिवाणामागं जाऊन उभी राहते, कुणी बघितलं तर "जा" म्हणते. झाल्यावर डायपर ओढते. शू मात्र करून झाल्यावर सांगते. शी दोन-तीन दिवसांतून एकदा, तीही कडक. आता सुरू करू की थांबू? रोज रात्री हाच विचार डोक्यात असतो.

मिरजकर_दोन_लेकरं:
दिवाणामागं जाते म्हणजे शी येणार हे तिला आधी कळतंय. कळल्यावर तिथवर चालत जाईपर्यंत धरूनही ठेवते. अर्धं काम झालंय ताई. थोरल्याच्या वेळी मी हेच ओळखलं नव्हतं, लपतो म्हणून रागवायचे. त्याचं अजून वाईट वाटतं.

सातारची आज्जी:
बाळ, सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. आम्ही पोरांना तीन-चार महिन्यांपासून दोन्ही पायांवर बसवून "शूऽऽ" करायचो. पाजलं की थोड्या वेळानं, झोपेतून उठलं की लगेच. लक्ष आमचं असायचं, वेळ आम्ही साधायचो. लेकरू सांगत नव्हतं, आई ओळखत होती. शिवाय लंगोट ओला झाला की त्याला लगेच गार लागायचं. डायपर सगळं शोषून घेतो, मग ओलं झालेलं पोरीला कळायचं कसं?

तू घाई करू नकोस. उन्हाळा आहे, सकाळचे दोन तास नुसती सुती चड्डी घाल. फरशी पुसावी लागेल, पुसायची. आणि भांडं न्हाणीत ठेवू नकोस, दिवाणामागंच ठेव. तिनं जागा निवडलीय ना, मग आपण तिथं जायचं.

घरी_परतलेली_नर्स:
लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयाचा आकडा बघत बसू नका. साधारण दीड ते तीन वर्षांत मुलं तयार होतात, प्रत्येकाचा वेग वेगळा. एकदोन तास कोरडं राहणं, ओल्याचा कंटाळा येणं, चड्डी स्वतः खाली ओढता येणं, "चेंडू आण आणि टोपलीत टाक" एवढं समजून करणं, या खुणा बघायच्या. तुमच्या लेकीत बऱ्याच दिसतात.

पण तुमच्या शेवटच्या ओळींपैकी एक मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. शी कडक आहे. आधी ती मऊ करा, भांडं नंतर. एकदा दुखलं की मूल शी दाबून धरतं, दाबली की ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं. भांड्यावर अंग ताठ होतं ते हट्टानंच असेल असं धरू नका, भीतीही असू शकते. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, म्हणून शूही अवेळी होते. दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा, त्यानं भूक मरते आणि भाजी-भाकरी पोटात जात नाही. पाणी वाढवा. पपई द्या. आपल्या तासगावचे मनुके रात्री भिजवून सकाळी कुस्करून द्या, अख्खे नकोत, घशात अडकतात. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, किंवा शीत रक्त दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनानं जुलाबाचं औषध देऊ नका.

मऊ झाली की नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवा, खाल्लं की आतडं आपसूक हलतं. चार-पाच मिनिटं पुरे. पाय लोंबकळू नयेत, खाली पाट ठेवा. मुलगी आहे, धुताना पुढून मागं धुवा.

शाहूपुरीचा बाबा:
आम्ही डिसेंबरमध्ये सुरू केलं होतं. साताऱ्याची थंडी, गार फरशी, पोरगं भांड्याला शिवेना. महाशिवरात्रीनंतर परत घेतलं आणि जमलं. मग घर बदललं आणि पुन्हा चड्डीत सुरू. तीन आठवडे डायपर लावला, एक शब्द बोललो नाही, आपोआप रुळावर आला. प्लेग्रुपच्या बाईंना आत्ताच जाऊन भेटा. आमच्याकडं दोन जोड कपडे दप्तरात ठेवायच्या अटीवर घेतलं होतं.

सांगलीवाडी_९:
तीन दिवस घरात कोंडून घ्या आणि डायपर फेकून द्या, जमतं. आमचं जमलं.

घरी_परतलेली_नर्स:
तयार असलेल्या मुलाचं जमतं, तुमचं तसं असेल. पण शी दुखत असलेल्या मुलाला एकदम डायपर काढून घेतला तर ते आणखी दाबून धरतं. या ताईंनी तसं करू नये. आणि रात्रीचा डायपर आत्ता काढायची गरज नाही. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीर आपल्या वेळेनं करतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं अगदी सामान्य आहे.

विश्रामबागची आई:
आज ९ मे. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. दूध कमी केलं, मनुके सुरू केले, शी मऊ व्हायला दोन आठवडे लागले. तोवर भांडं दिवाणामागं नुसतं ठेवलं होतं. ती त्यात बाहुली बसवायची. गेल्या सोमवारी पोहे खाल्ल्यावर तिकडं गेली, मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले. सासूबाईंनी हाक मारली, "अगं ये, बघ!" त्यांचे डोळे भरले होते, माझेही. शूचं अजून दिवसाला एक-दोनदा चुकतं. प्लेग्रुपच्या बाई जादा कपड्यांना हो म्हणाल्या.

रविवारी नरसोबाच्या वाडीला जायचंय. गाडीत डायपर लावू का?

मिरजकर_दोन_लेकरं:
नका लावू. निघताना बसवा, भांडं डिकीत घ्या, जयसिंगपूरला थांबून विचारा. आणि सीटवर जुनं दुपटं अंथरा.