स्लो कुकरमधले डम्पलिंग: सकाळी घातले तर लापशी, संध्याकाळी घातले तर कच्चे

मुलुंडकरीण

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बहिणीकडे इंग्लंडला, लीड्सला गेले होते. तिने मटणाचा स्ट्यू केला होता आणि वर मैद्याचे डम्पलिंग, म्हणजे रश्श्यात शिजवलेले गोळे. वरचा भाग इडलीसारखा हलका, खालचा रश्श्यात मुरलेला. पहिला घास घेतला आणि आमच्या आईंची आठवण झाली. आई म्हणजे सासूबाई, वय ८१. कवळी टोचते म्हणून लावत नाहीत. रोज कुस्करलेली भाकरी आणि कालवलेला भात खाऊन त्या कंटाळल्यात. चकोल्या त्यांच्या फार आवडीच्या, पण जरा चिवट झाल्या की ताटात तशाच राहतात.

निघताना बहिणीने तिचा साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, मला दिला. मी साडेसातला घर सोडते, सीएसएमटीला ऑफिस, परत यायला सात. सकाळी मटण, बटाटा, गाजर, कांदा, मिरे, तमालपत्र घालून 'लो'वर, म्हणजे सगळ्यात मंद आचेवर लावते. संध्याकाळी दार उघडलं की घरभर वास, मटण बोटाने तुटेल इतकं मऊ. तिथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण डम्पलिंगची. पहिल्यांदा सगळं एकदमच घातलं. संध्याकाळी एकही गोळा शिल्लक नव्हता, नुसती दाट लापशी. पुढच्या वेळी घरी आल्यावर घातले आणि लोवरच अर्धा तास ठेवले. वरून चांगले दिसले. फोडला तर आत पांढरा, चिकट, कच्चा मैदा. आईंनी काही न बोलता बाजूला सारला. मधे मी तीनदा झाकण उघडून पाहिलं होतं, तेही सांगते. बहिणीला विचारलं तर म्हणते, माझे आपोआप होतात! कोणी नीट सांगेल का?

परतलेली_पार्लेकर

ताई, मी नऊ वर्षं तिकडे होते, हिवाळ्यात दर रविवारी हेच असायचं. तुमच्या दोन्ही वेळच्या चुकांचं मूळ एकच आहे. डम्पलिंग रश्श्यात शिजतात असं आपल्याला वाटतं, पण ते निम्मे वाफेवर शिजतात. खालून उकळता रस्सा आणि वरून कोंडलेली वाफ, दोन्ही लागतात. दिवसभर ठेवलेत तर पाणी पिऊन फुटतात. लोवर घातलेत तर ते फुगण्याइतकी आच पटकन मिळत नाही, पीठ भिजत बसतं आणि जड होतं. आणि झाकण! या भांड्याची ताकद कमी असते. एकदा उघडलं की गेलेली वाफ परत जमायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुम्ही तीनदा उघडलंत, म्हणजे ते अर्ध्या तासात खरे शिजलेच नाहीत.

आई घरी असतात ना? त्यांना सहा वाजता फोन करा आणि बटण 'हाय'वर, म्हणजे मोठ्या आचेवर फिरवायला सांगा. तुम्ही येईपर्यंत कडेने बुडबुडे दिसायला लागतील. दिसले तरच गोळे सोडा. मग ४५ मिनिटं ते एक तास झाकणाला हात लावू नका. काचेचं आहे, बाहेरून बघा.

प्रमाण: १०० ग्रॅम मैदा, सपाट चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, ५० ग्रॅम चरबी, ६० ते ७५ मिली गार पाणी. तिकडे स्वेट वापरतात, म्हणजे जनावराच्या गुर्द्याभोवतीची कडक चरबी. मटणवाल्याकडे बकऱ्याची मागितलीत तर मिळते, पण साफ करून बारीक करायचा व्याप आहे. मी लोणी वापरते. आपल्या मुंबईत ते हातात वितळतं, म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून जाड किसणीवर थेट मैद्यात किसायचं. लोण्याचे कण अख्खे राहिले पाहिजेत, शिजताना ते विरघळून जागा सोडतात आणि गोळा हलका होतो. म्हणूनच कणकेसारखं मळायचं नाही. पाणी घालून सुरीने ढवळा, पीठ एकत्र आलं की थांबा. लिंबाएवढे आठ गोळे होतात. फुगून दुप्पट होतात, तेव्हा मधे जागा सोडा आणि भांडं काठोकाठ भरलेलं नको. पीठ भिजवलं की लगेच सोडायचे, बेकिंग पावडर ओलाव्याने तेव्हाच कामाला लागते.

आणि पावडर तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा डबा दोन पावसाळे टिकत नाही. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, फसफसली तरच वापरा.

वायरमन_काका

एक महत्त्वाचं. तुमचा कुकर इंग्लंडचा आहे, तिकडेही २३० व्होल्ट, म्हणजे फक्त पिनांचा प्रश्न. पण हे वाचून कोणी अमेरिकेहून आणलेला लावेल. तो १२० व्होल्टचा असतो, नुसती पिन बदलून आपल्या बोर्डाला लावला तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि सकाळी लावून जाणार असाल तर प्लग सैल नाही ना, हात लावून बघत जा.

नागपूरची_ठाण्यात

आमच्या गोळा कढीतही हीच भानगड असते. भिजवलेली हरभरा डाळ भरड वाटून गोळे करतो आणि उकळत्या कढीत सोडतो. आजीचा नियम होता: आधी एकच गोळा सोडायचा. तो वर तरंगला आणि फुटला नाही, तरच बाकीचे. फुटला तर वाटणात थोडं बेसन. डम्पलिंगलाही एक आधी सोडून पाहा, पण वेगळ्या पातेल्यात, गॅसवर. म्हणजे स्लो कुकरचं झाकण उघडावं लागणार नाही.

मुलुंडकरीण

काल केले. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पार्लेकर ताईंचे.

बेकिंग पावडर पाण्यात टाकली, दोन-चार बुडबुडे आले आणि गप्प. म्हणजे माझी पावडरच मेली होती! नवी आणली. लोणी किसताना पंखा बंद केला, तरी शेवटचा तुकडा बोटांना चिकटलाच. एक गोळा पातेल्यात सोडून पाहिला, टिकला. आईंनी सहाला बटण फिरवलं होतं आणि सोफा सोडून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पन्नास मिनिटं आम्ही दोघी काचेतून बघत होतो. आधी गोळ्यांवर थेंब जमले, मग ते हळूहळू एकमेकांना टेकेपर्यंत फुगले.

फोडला तर आत जाळी, कोरडी. आईंनी चमच्याने दाबला, रस्सा वर आला. दोन खाल्ले, तिसरा मागितला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी ह्यात लसूण आणि कोथिंबीर घाल." एवढंच. पण ताट पुसून खाल्लं.

नागपूरच्या ताई, आता त्यांना शेंगोळे हवेत. ह्यात होतील का?

नागपूरची_ठाण्यात

होतील, पण कोमट पाण्यात सोडू नका, हुलग्याचं पीठ विरघळतं. फोडणीचं पाणी गॅसवर खळखळून उकळा. भांडं आधी रिकामं न ठेवता थोडं गरम पाणी घालून हायवर तापवून घ्या, थंड सिरॅमिकमध्ये उकळतं पाणी ओतलं तर तडा जातो. ह्यात पावडर नसते, म्हणून ते फुगणार नाहीत. आईंसाठी करंगळीहून बारीक वळा आणि लसूण सढळ हाताने घाला.