गोळी लागल्यानंतरचं काय?

अमेरिकेत मिशिगनच्या सपाट जंगलात हरणं मारणाऱ्याने डोंगराळ कोलोरॅडोत एल्कमागे (हरणाच्याच कुळातलं, पण खूप मोठं जनावर) जायचं तर दम आणि बंदूक हे दोनच प्रश्न, असं एकाने म्हटलंय. दमाचं पटलं, विरळ हवेची सवय व्हायला ९-१० हजार फुटांवर दोन दिवस आधी जाऊन राहावंच. पण माझ्या मते खरी कसोटी नेम लागल्यानंतरची. हरीण एकट्यानेही गाडीपर्यंत ओढत आणता येतं. मोठा एल्क नर ३०० किलोंच्या आसपास. तो जागीच सोलून, तुकडे करून पाठीवर वाहायचा, कित्येक फेऱ्यांत. सप्टेंबरच्या उन्हात ते जाड कातडं आत उष्णता धरून ठेवतं आणि मांडीच्या हाडाजवळचं मांस आधी बिघडतं. म्हणून कातडं लगेच काढा, मांस हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत सावलीत टांगा. गाडीपासून किती लांबवर गोळी झाडायची हे निघण्याआधीच ठरवा. एवढं जनावर वाया घालवणं मला तरी सहन होत नाही.

वाऱ्याचंही बघा. पहाटे थंड हवा उताराने खाली येते, ऊन तापलं की वर चढते. त्यामुळे सकाळी खालून वर जाणाऱ्या शिकाऱ्याचा वास एल्कला लागत नाही, दुपारी मात्र तिथूनच तो वर पोचतो आणि शिकारी पकडला जातो.

आणि धनुष्यबाणाने जाणार असाल तर, राज्याबाहेरच्यांना कोलोरॅडोच्या पश्चिम भागातले एल्कचे परवाने २०२५पासून मर्यादित झालेत, ते सोडतीनेच मिळतात. सोडतीच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते.