'एकहाती' नेमकं कुठे बसतं?

शुद्धलेखन_तपासनीस:
दिलीप दोंदे यांच्या २००९-१० च्या सागरी सफरीवरचा अनुवाद तपासतोय. मूळ 'सिंगल-हँडेड'साठी 'एकहाती पृथ्वीप्रदक्षिणा' केलंय. वाचताना एक हात पाठीशी बांधून शीड ओढणारा माणूस दिसतो. 'एकल' करू, की 'एकांडी'?

काना_मात्रा:
'एकहाती' चूक नाही. 'कामाला हात कमी पडतात' म्हणतो तेव्हा हात म्हणजे माणूसच. पण 'सामना एकहाती जिंकून दिला' यात बाकीचे दहा जण मैदानात असतात, भार एकावर पडतो. नौकेत दुसरं कुणी नव्हतंच. तिथे 'एकट्याने केलेली' जास्त नेमकं. आणि 'एकहात्या मोहिमेत' असं कुठे झालं असेल तर आधी ते काढा. ईकारान्त विशेषण बदलत नाही: एकहाती मोहीम, एकहाती मोहिमेत. क्रियाविशेषण म्हणूनही तसंच चालतं, 'नौका एकहाती हाकली'.

बोरूबहाद्दर:
'एकांडी' नकोच. त्यात कुणात न मिसळणारा स्वभाव येतो. शिवाय मागे 'एकांडा शिलेदार' उभा राहतो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला घोडा सरकारी. दोंदेंची नौका 'म्हादेई' नौदलाची, म्हणजे या हिशेबाने दोंदे बारगीर! 'एकल' नृत्याला शोभतं, पण 'एकल पालक', 'एकल महिला' यांमुळे त्याला सरकारी अर्जाचा वास लागलाय.

पदर_अर्थाचा:
अनुवादात 'एकहाती' म्हणजेच 'न थांबता' असं गृहीत धरलेलं नाही ना, तेही पाहा. दोंदे एकटे होते, पण वाटेत चार बंदरांत थांबले. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता फिरून आले. तिथे 'विनाथांबा' वेगळं लिहावंच लागतं. तसाच घोळ 'एकतर्फी'चा. समोरच्याने झुंजच दिली नाही तर विजय एकतर्फी, आपल्या बाजूच्या एकानेच खेचून आणला तर एकहाती. 'एकहाती सत्ता' मात्र अख्ख्या पक्षाची असते, तिथे हात एक आणि डोकी दीडशे.

शुद्धलेखन_तपासनीस:
शीर्षकात 'शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा', आत 'एकहाती' एकदाच. एका ठिकाणी 'एकेरी प्रदक्षिणा'ही सापडलंय.

काना_मात्रा:
खोडा. 'एकेरी' टेनिसला आणि रस्त्याला. 'एकेरी प्रदक्षिणा' म्हटलं तर माणूस गेला तो परतलाच नाही असं वाटेल.