‘लियाना’साठी मराठी शब्द: वेल, महावेल की काष्ठवेल?

प्रश्न (परभणी): शाळेच्या सहलीसाठी गौताळा अभयारण्याची माहितीपत्रिका लिहिताना ‘लियाना’ या शब्दापाशी अडलो आहे. मूळ जमिनीत, खोड लाकडासारखे कठीण आणि झाडाच्या आधाराने थेट शेंड्यापर्यंत चढणारी वनस्पती, असा त्याचा अर्थ आहे. नुसते ‘वेल’ लिहिले तर मुलांच्या डोळ्यांपुढे काकडी आणि कारलेच येते. ‘महावेल’ चालेल का?

उत्तर (किनवट): ‘महावेल’ हा शब्द आकार सांगतो, प्रकार सांगत नाही. लाल भोपळ्याचा वेलही मनावर घेतले तर अर्धा बांध व्यापतो. खरा भेद लाकडाचा आहे, कारण भोपळ्याचा वेल हंगाम सरताच वाळतो, तर पळसवेलीचे खोड वर्षानुवर्षे जाड होत राहते. या कामी संस्कृताकडे वळूनही फारसे हाती लागत नाही. अमरकोशाने वल्ली, व्रतती आणि लता हे शब्द एकाच ओळीत पर्याय म्हणून दिले आहेत आणि लाकडाचा विचार त्यांत नाही. ‘दारु’ म्हणजे लाकूड, तेव्हा ‘दारुलता’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष ठरेल (दारुहळद आपण बिनदिक्कत म्हणतोच), पण वर्गात तो उच्चारल्यावर पुढचा तास कसा जाईल, हे शिक्षकांना सांगायला नको. माझे मत ‘काष्ठवेल’ला आहे.

पत्रिकेत तिला ‘बांडगूळ’ किंवा ‘परोपजीवी’ मात्र म्हणू नये. ही चूक छापील मजकुरातही आढळते. अमरवेल झाडाचा रस शोषते. काष्ठवेल स्वतःच्या मुळांनी पाणी घेते, झाडाकडून तिला हवा असतो तो केवळ आधार. स्वतःचे वजन पेलण्यासाठी झाडाला जे लाकूड घालावे लागते, तो खर्च ती वाचवते आणि ते बळ लांबी व पाने वाढवण्यात घालते. बारीक खोडातून उंचावरच्या भरगच्च पानांना पाणी पोचवायचे असल्यामुळे तिच्या जलवाहिन्या रुंद असतात. अर्थात हा आधार झाडाला फुकट पडत नाही: वरून सावली आणि खालून पाण्यासाठी स्पर्धा, असा दुहेरी ताण त्याच्यावर येतो. पनामातील जंगलात वेली कापलेल्या आणि न कापलेल्या तुकड्यांची तुलना करणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेलींमुळे जंगलाची वर्षाची निव्वळ कार्बनसाठवण सुमारे ७६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तो आकडा आपल्या कोरड्या सागवनाला जसाच्या तसा चिकटवू नये. शिवाय ह्याच वेली शेंड्याला शेंडा जोडून वानरांना आणि खारींना वरच्या वर वाट करून देतात, म्हणून ‘झाडांची शत्रू’ असे एकांगी शीर्षकही टाळावे.

प्रश्न (परभणी): आभारी आहे. आणखी एक शंका: ‘तो काष्ठवेल’ की ‘ती काष्ठवेल’? आमच्याकडे जुनी माणसे ‘येल’ म्हणतात आणि तो पुल्लिंगीच असतो.

उत्तर (किनवट): प्रमाण मराठीत ‘वेल’ दोन्ही लिंगांत चालतो. काकडीचा वेल म्हणतो, पण जाईची वेल; गुळवेल, अमरवेल आणि पळसवेल ह्याही बहुधा स्त्रीलिंगीच. म्हणजे नाजूक काकडी पुल्लिंगी आणि झाडाला वेढे घालणारी पळसवेल स्त्रीलिंगी, अशी गंमत आहे! जोडशब्दांचा हा कल पाहता ‘ती काष्ठवेल, त्या काष्ठवेली’ असे लिहावे. पहिल्या उल्लेखात ‘काष्ठवेल, म्हणजे लाकडी खोडाची वेल’ एवढा खुलासा करावा; पुढे नुसते ‘वेल’ पुरेल.

उत्तर (लातूर): उदाहरण म्हणून गुळवेल घ्यावी, ती मुलांना गावातल्या कडुनिंबावरही दाखवता येते. तिचे संस्कृत नाव ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी वाढणारी. खोड खालून कापले तरी ती फांदीवरून दोऱ्यासारखी मुळे सोडते आणि ती मुळे जमिनीला टेकली की पुन्हा जोर धरते.