इंजिन बदललेल्या व्हॅनॅगनचा ईसीयू खरोखरच गेला आहे का?

पोर्टलंडकर
नमस्कार. माझ्याकडे १९८७ची फोक्सवॅगनची व्हॅनॅगन ही व्हॅन आहे. आधीच्या मालकाने तिच्यात १९९२च्या सुबारू लेगसीचे ईजे२२ हे २.२ लिटरचे इंजिन त्याच्याच ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंगसह बसवले होते. आता स्टार्टर व्यवस्थित फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. किल्ली फिरवल्यावर पूर्वी लागणारा ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नाही आणि पेट्रोल पंपाचा क्षणभर येणारा आवाजही येत नाही. गॅरेजने ईसीयू गेल्याचे सांगून वापरलेला ईसीयू मागवायला सुचवले आहे. त्याआधी घरी काय तपासता येईल?

तारजोड
या दोन्ही खुणांवरून ईसीयू जागा होत नाही एवढेच कळते. तो जळाला आहे की त्याला वीजच पोहोचत नाही, हे अजून ठरायचे आहे. इंजिन बदललेल्या गाडीत मी दुसरी शक्यता आधी धरतो, कारण ईसीयू कारखान्यात बनलेला असतो आणि त्याच्याकडे जाणारे जोड कुणीतरी अंगणात बसून केलेले असतात.

ईसीयूची जोडणी काढून तिच्यावर कायमचे १२ व्होल्ट, किल्लीनंतर मेन रिलेमधून (विजेने चालणाऱ्या मुख्य स्विचमधून) येणारे १२ व्होल्ट आणि अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या, सर्व तारा तपासा, पण केवळ मल्टिमीटरवर विसंबू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून त्या तारांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळे कुजलेली तार किंवा काळवंडलेला रिले तिथेच उघडा पडतो. अर्थसाठी बल्बचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे अर्थच्या तारेला लावा. या इंजिनात ईसीयूचे अर्थ इनटेक मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरच्या) बोल्टांना येतात, तर व्हॅनॅगनची बॅटरी पुढच्या आसनाखाली असते. मधला सगळा परतीचा मार्ग गिअरबॉक्सजवळची अर्थपट्टी आणि गाडीचा पत्रा यांतून जातो. ती पट्टी अवश्य पाहा.

बसवाला_८४
वरच्या तपासणीत बल्ब लख्ख पेटला, तर ईसीयू पुन्हा जोडून थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या (हवेची झडप किती उघडली ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) प्लगवर ५ व्होल्ट येतात का ते पाहावे. हे ५ व्होल्ट ईसीयू स्वतः तयार करतो. ते नसतील तर सेन्सर सोडवून पुन्हा मोजावे, कारण आतून शॉर्ट झालेला एक सेन्सर हा पुरवठा शून्यावर ओढू शकतो आणि चांगला ईसीयू मेल्यासारखा वागतो.

पोर्टलंडकर
दोघांचेही आभार. बल्ब सर्व ठिकाणी पूर्ण तेजाने पेटला. ५ व्होल्ट मात्र नाहीत. सेन्सर सोडवल्यावरही शून्यच आहे.

तारजोड
मग संशय ईसीयूवर येतो, परंतु एक पायरी अजून बाकी आहे. त्या ५ व्होल्टच्या तारेची पिन ईसीयूकडच्या जोडणीतून बाहेर काढा आणि ईसीयूच्या त्याच पिनवर थेट मोजा. तिथे ५ व्होल्ट दिसले, तर तार वाटेत कुठेतरी पत्र्याला घासून शॉर्ट झाली आहे. तिथेही शून्य असेल, तर ईसीयू बदलावा लागेल.

मात्र दुसरा ईसीयू बसवण्याची घाई करू नका. आधी जुन्याचे झाकण उघडून पाण्याची हिरवी पुटे, गळलेला कपॅसिटर किंवा जळका डाग दिसतो का ते पाहा. मागच्या बाकाखाली बसवलेल्या ईसीयूला ओल लागणे सहज शक्य आहे. नंतर आयडल व्हॉल्व्ह (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग राखणारी झडप), इंजेक्टर आणि पंपाच्या रिलेची कॉइल यांचा रोध मोजा. यांपैकी एखादे शॉर्ट असेल, तर नवा ईसीयूही पहिल्याच किल्लीला जाऊ शकतो. बदली ईसीयू लेबलवरचा क्रमांक जुळवूनच घ्या. १९९२च्या या गाडीत इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) नसल्यामुळे किल्ली जुळवण्याचा प्रश्न येत नाही. बसवल्यावर ‘चेक इंजिन’च्या दिव्याने लुकलुकून ३३ हा बिघाडाचा कोड दिला, तर घाबरू नका. तो वेग सेन्सरचा असतो आणि इंजिन बदलताना ती तार अनेकदा जोडलेलीच नसते.