रोटाव्हायरसची लस आणि दुर्गम वस्तीतील मुले

प्रश्न (सातारा):
कोयना जलाशयाकाठच्या कातकरी वस्तीत मी आशा सेविका आहे. रोटाव्हायरस या बालकांना तीव्र जुलाब करणाऱ्या विषाणूवरील लसीचे डोस घेतलेल्या बालकांनाही जुलाब होतात, तेव्हा आयांना काय सांगावे? इतर देशांतील आदिवासी मुलांचा अनुभव काय आहे?

पहिले उत्तर:
ताई, ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या प्रदेशात ही लस २००६ पासून दिली जाते. तेथील ॲलिस स्प्रिंग्ज परिसरातील २००७ च्या साथीत तिने रुग्णालयात दाखल होण्यापासून सुमारे ७८ टक्के संरक्षण दिले. मात्र २००९ साली विषाणूच्या वेगळ्या प्रकाराची साथ आली, तेव्हा हेच प्रमाण सुमारे १९ टक्के भरले. म्हणून एकाच साथीवरून लसीची पारख करणे मला अयोग्य वाटते.

दुसरे उत्तर:
ही लस तोंडावाटे दिली जात असल्याने कुपोषण आणि आतड्यांचे वारंवार होणारे संसर्ग तिचा परिणाम कमी करू शकतात. शिवाय जुलाब इतर जंतूंमुळेही होतात, हे आयांना आवर्जून सांगा. ओआरएस आणि झिंक लस घेतलेल्या बाळालाही द्यावेच लागते.

तिसरे उत्तर:
डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा पुढचा डोस नेमका तेथेच चुकतो, त्यामुळे लसीकरण कार्ड त्यांच्यासोबत जाईल याची कृपया काळजी घ्या.